पारा कुठे जातो

वाळू, मीठ, नवसागर, लोखंडाचा कीस,
चार चमचे एका बशीत कालवून
मी नववीच्या वर्गाला म्हणायचो, करा वेगळं.
चुंबक फुटक्या रेडिओच्या भोंग्यातला,
गाळणकागद मोजून, सहीनिशी, कपाटातून.
बाष्पीभवनाला मात्र जळगावात बर्नर लागत नाही.
एप्रिलात बशी खिडकीत ठेवायची,
मधल्या सुट्टीत पोरं हुंदडून परत येईतो
कडेला मिठाची पांढरी रेघ.

क्रम चुकला की मार्क गेले.
आधी चुंबक, मग संप्लवन, मग पाणी, गाळण, शेवटी ऊन.
पंचवीस वर्षं हाच क्रम लिहिला, पुसला.
खडूची भुकटी बाहीवर, आणि बहुधा फुप्फुसात.

द्वारका झारेकरी तिसऱ्या बाकावर बसायची, भिंतीकडे.
तिच्या वहीला शेगडीचा वास.
एकदा पहाटेच्या गाडीनं भुसावळहून उतरलो,
सराफ बाजारातून चालत घरी निघालो,
तर शटर बंद, शटरला कुलपं,
आणि दोघी मायलेकी दुकानांच्या पायऱ्या झाडत होत्या
बारीक कुंच्यानं, हलक्या हातानं,
आत कुणाचं तान्हं झोपलंय अशा.
धूळ पोत्यात, गटारातला गाळ घमेल्यात.
द्वारकानं मला पाहिलं.
मी खाली वाकून चपलेचा पट्टा नीट केला,
जो नीटच होता.

पालकसभेला तिची आई आली.
सही करताना पेन रेघेबाहेर गेलं, आत आलं, पुन्हा बाहेर.
मी म्हटलं, घाबरू नका बाई, अंगठा चालेल.
ती म्हणाली, सही येते मला.
सही येत होती. हात ऐकत नव्हता.

सहामाही. प्रश्न चौथा, गुण तीन.
मिश्रणातून मौल्यवान घटक वेगळा करण्याची एक पद्धत लिहा.
तिनं लिहिलं:
'गटारना गाळ घमेलामा धुवानं.
हलकं वाही जास, जड बशी जास.
मंग पारा टाकानं. पारा सोनाले धरस, मातीले धरत नही.
फडकामा पिळानं, राहस ते शेगडीवर ठेवानं.
पारा उडी जास. सोनं राही जास.'

मी लाल शाईनं: भाषा अशुद्ध.
पुस्तकातील पद्धत लिहावी. तीनपैकी एक.

दुसऱ्या दिवशी ती पेपर घेऊन शिक्षकखोलीच्या दारात.
मार्क मागायला नव्हे, नुसतीच उभी.
मीच बोललो, थोडा मास्तरकीचा तोरा आणून:
तुझ्या उत्तरात एक पायरी राहिलीय.
उडालेली वाफ थंड करून परत मिळवायची असते.
नाहीतर तो पारा जातो कुठे, सांग?

तिनं ओठ चावत विचार केला,
वर्गात करायची तसाच, खरा विचार.
'घरमाच ऱ्हास, सर.'

घंटा झाली. आठवी ब वाट बघत होती.
मी फळ्यावर काय लिहिलं ते आठवत नाही,
पेन आठवतं, आत, बाहेर, आत.

शनिवारी कपाटातून काचेचा रिटॉर्ट काढला,
बगळ्याच्या मानेचा, कधीच न वापरलेला,
आणि साठा नोंदवहीत लिहिलं:
रिटॉर्ट, एक, फुटला.
द्वारकाला सांगितलं, अंगणात करा, घरात नको,
चोचीचं टोक पाण्याजवळ धरा, पाण्यात बुडवू नका.
तीनपैकी तीन केले. 'भाषा अशुद्ध' खोडलं,
पण खोडलेलं दिसत राहतं,
ती शाई कशातच विरघळत नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काही.
रिटॉर्ट. धुतलेला, पण तळाशी काजळी.
मान तिरकी केली तर चोचीतून
हरभऱ्याच्या डाळीएवढा पारा टेबलावर आला,
थांबला, थरथरला.

तेवढा तरी घरात राहिला नव्हता.
बाकीचा किती, ते मोजायला
माझ्या कपाटात काही नव्हतं.